भिमीकाकीचा दिवस

त्या वर्षी पावसानं सगळ्या वैशाखरे गावाची एकदमच तारांबळ उडवली. एरवी वरच्या अंगाची खाचरं आधी, मग ओढ्याकडची, अशी भाताची आवणी सरकत सरकत खाली येते आणि माणसाला मधे पाठ टेकायला मिळते. त्या साली राबाच्या वाफ्यातली रोपं पिवळी पडेपर्यंत पाऊस रुसून बसला, आणि आला तो असा आला की ज्याच्या त्याच्या दारात चिखलणी. रोप म्हातारं व्हायच्या आत लावलंच पाहिजे. बैल पुरेनात, माणसं पुरेनात. पैसे टाकायची तयारी असली तरी माणूस आणणार कुठून, सगळेच आपापल्या चिखलात.

अशा वेळी गाव आपल्या जुन्या रिवाजावर तरतं. आज सगळ्यांनी बुधूच्या खाचरात, उद्या सगळ्यांनी कोंडूच्या, परवा भगीरथाच्या. मजुरी नाही. ज्याच्या घरची जेवढी माणसं आपल्याकडं राबली तेवढी आपण त्याच्याकडं न्यायची, दिवसाला दिवस फेडायचा. यात कुणी लबाडी केली तर गाव त्याला तोंडावर काही बोलत नाही. पुढच्या आवणीला त्याच्या बांधावर कुणी फिरकत नाही, एवढंच.

कोंडूच्या घरची तीन माणसं या फेऱ्यात होती. स्वतः कोंडू, त्याची बायको सकुबाई आणि थोरली लेक हर्षाली. धाकटा ओमकार शहापूरला मामाकडं बारावीला होता, त्याला मोकळा सोडलेला. आता हर्षाली मोजायला पुरं माणूस, पण कामाला अर्धंच. चार वर्षं हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटर इंजिनीअर झालेली पोर, पहिल्या वर्गात पास, पण तिच्या हातून रोपांची मूठ सुटता सुटत नसे. चार बोटं घट्ट धरून रोप असं जपून रोवायची, जसं काही ते उद्या तिला जाब विचारणार आहे.

आणि तिचं कॉलेज. कुठल्याशा माळावर उभ्या असलेल्या दोन इमारती. नाव सांगितलं की समोरचा विचारायचा, "हे कुठं आलं?" मोठ्या कॉलेजांत कंपन्या लग्नघरी पाहुणे उतरावेत तशा उतरायच्या. हिच्या कॉलेजाची वाटच त्यांना ठाऊक नव्हती. मुरबाडच्या सायबर कॅफेत बसून तिनं कंपन्यांना अर्ज धाडले, संपर्काला मैत्रिणीचा नंबर देऊन. बहुतेकांकडून साधा नकारसुद्धा आला नाही. एकीनं तेवढं कल्याणला बोलावून लेखी परीक्षा घेतली, आणि पुढं तीही गप्प झाली. सगळा जीव त्या एका कंपनीत अडकलेला.

बुधूच्या खाचरात त्या दिवशी बाया ओळीनं वाकल्या होत्या. प्रत्येकीची आपली एक पात, म्हणजे बांधापासून बांधापर्यंतचा एक पट्टा. लावत लावत मागं सरकायचं. एकेक जण मागच्या बांधाला टेकली, कंबरेवर हात देऊन उभी राहिली. हर्षाली अजून खाचराच्या मधोमध. इरल्यावरून पाणी घरंगळत होतं, पायाच्या बोटांतल्या चिखल्या आग ओकत होत्या. वाकून वाकून तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. तेवढ्यात तिच्या पाठीला एक पाठ लागली.

ती भिमीकाकी. शेजारची, नवऱ्यामागं एकटीनं खाचर राखणारी, हातानं विजेसारखी आणि जिभेनं त्याहून. आपली पात संपवून ती हर्षालीच्या पातीत दुसऱ्या टोकानं शिरली होती आणि मागं सरकत सरकत तिच्यापर्यंत येऊन भिडली होती. रोजच असं व्हायचं.

"सरक गो बाजूला," भिमीकाकी म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला भात खायला घालशील तवा दिवाळी व्हईल."

"काकी, तुमी बसा जरा. मी करते."

"माझं झालं. बसून काय करू? वल्या बांधावर बसून बूड भिजवू?"

बाया हसल्या. वर सडकेकडून भगीरथ हाका मारत येत होता. भगीरथाचं दुकान फाट्यावर, गावातला पहिला मोबाईल त्याचा, आणि त्याला रेंज मिळायची ती दुकानाच्या पायरीवर. बांधावर उभा राहून तो म्हणाला, "हर्षाली, तुझ्या मैत्रिणीचा फोन व्हता. काजल. तू पास झालीस म्हणं लेखीत. बेस्तरवारी नव्या मुंबईला बोलवलंय. कॉम्प्युटरवर परीक्षा, आन लगेच मुलाखत."

हर्षालीच्या हातातली मूठ पाण्यात पडली. सकुबाईनं तिथूनच सिद्धगडाकडं बघून हात जोडले. मग सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. गुरुवारी पाळी भगीरथाची होती.

भगीरथ वाईट माणूस नव्हता, पण त्याचं खाचर मोठं आणि रोपं सगळ्यात जून. "मी जाऊ नको म्हणत नाय," तो मान खाजवत म्हणाला. "पण कोंडूदादा, तुमच्याकडं माझी तीन माणसं आली व्हती. मला तीन पाह्यजेत."

कोंडू चिखलात उभा. तो कधी लेकीकडं बघे, कधी भगीरथाकडं.

"तीनच येतील," भिमीकाकी कंबर सरळ करत म्हणाली. "हिची पात मी वढीन. माझी आन हिची, दोनी. कमी पडली तर सांजच्याला बोल मला." मग हर्षालीकडं वळून बोट नाचवलं. "पन दिवस माझा झाला, पोरी. पैशेबिशे दाखवशील तर ओढ्यात टाकीन. दिवसाला दिवस. फेडायचा."

"फेडीन काकी," हर्षाली म्हणाली.

बुधवारी रात्री घरात लग्नाची तयारी चालावी तशी धांदल. सकुबाईनं मेंदी वाटून तिच्या पायाच्या बोटांत भरली, चिखल्यांवर तेवढाच एक उतारा. कोंडू लिंबाचं साल घेऊन लेकीची नखं घासत बसला. नखांच्या कडांत चिखलाची काळी रेघ अशी बसली होती की जाईना.

"राहू द्या बाबा. तिथं नखं कोण बघतंय?"

"बघतात," कोंडू म्हणाला. तो तरुणपणी कल्याणला एका कारखान्यात नोकरी मागायला गेला होता, एवढंच घराला ठाऊक होतं. त्या दिवशी काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं. तो घासत राहिला.

गुरुवारी पहिल्या एसटीनं ती निघाली. कल्याणला काजल आपले काळे बूट घेऊन उभी होती. बूट एक नंबर लहान. चिखल्यांवर ते चढवताना हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चपला घालून मुलाखतीला जायचं म्हणजे आधीच हरल्यासारखं, असं काजलचं म्हणणं.

परीक्षा नव्या मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजात होती, आणि ते खरोखरच मोठं होतं. काचेचे दरवाजे, थंडगार खोल्या. दारात नावं लिहून घेणाऱ्या बाईनं कॉलेजाचं नाव दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा हर्षालीलाच लिहायला सांगितलं. मागची मुलं आपापसांत इंग्रजीत बोलत होती. त्यातल्या एकानं तिच्या पायाच्या लंगडण्याकडं बघून वाट करून दिली, आणि ते तिला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

मग कॉम्प्युटर पुढ्यात आला आणि सगळं बदललं. प्रोग्रॅम लिहायचा होता. एका लांबलचक यादीतून दोनदा आलेले आकडे काढून टाकायचे, आणि यादी कितीही मोठी झाली तरी अडकता कामा नये. हर्षालीची बोटं, जी चिखलात जडशीळ व्हायची, ती कीबोर्डवर धावायला लागली. हे तिला येत होतं. कॉलेजात मास्तर येत नसत तेव्हा रिकाम्या लॅबमधे बसून तिनं हेच तर केलं होतं. प्रोग्रॅम चालला. पुन्हा चालवला, पुन्हा बरोबर. तिनं मान वर केली तर सगळी खोली अजून वाकलेली.

शेजारच्या मुलीचं अडलं होतं. पिवळी ओढणी, कपाळावर घाम. तिचा प्रोग्रॅम एकाच जागी गरगर फिरत होता, थांबतच नव्हता. ती पुन्हा पुन्हा तेच बटन दाबत होती. हर्षालीला चूक बसल्या जागेवरून दिसत होती. एक ओळ खाली यायला हवी होती.

आता पुढं जे झालं ते हर्षालीनं विचार करून केलं असतं तर झालंच नसतं. ती सरकली, त्या मुलीच्या कीबोर्डवर हात टाकला, ओळ खाली घेतली आणि पुढचं लिहायला लागली. ती मुलगी दचकून बघतच राहिली. हर्षालीचं अर्धं लिहून झालं तेव्हा मागून आवाज आला.

"काय चाललंय?"

गळ्यात निळी फीत घातलेला साहेब उभा होता. सगळी खोली वळून बघायला लागली.

"तिनं मागितलं नव्हतं, सर," हर्षाली उठून उभी राहिली. "मीच केलं."

"का?"

"माझं झालं होतं, सर."

साहेबाला वाटलं पोर उद्धटपणा करतेय. त्यानं तिच्या पडद्याकडं बघितलं, खरंच झालं होतं. मग पुन्हा तिच्याकडं बघितलं. "ही परीक्षा आहे. हे तुला चार वर्षांत कुणी सांगितलं नाही? कुठलं कॉलेज?" तिनं नाव सांगितलं. "हं," साहेब म्हणाला. त्या 'हं'मध्ये काय काय होतं ते हर्षालीला कळलं. शेजारणीच्या पडद्यावर हिनं लिहिलेल्या ओळी त्यानं स्वतः पुसल्या आणि शेजारणीला पुन्हा लिहायला सांगितलं. हर्षालीला त्यानं दार दाखवलं. नियमाप्रमाणं पुढले सहा महिने तिला या कंपनीत अर्ज करता येणार नव्हता.

बूट हातात घेऊन ती कॉलेजाच्या पायरीवर बसली. रडू आलं ते नोकरीचं नव्हतं. त्या घटकेला वैशाखऱ्यात भिमीकाकी तिची पात ओढत असणार, दोन पातींत ये-जा करत. तो दिवस तिनं पाण्यात घातला होता. कुणी तोंडचा घास काढून द्यावा आणि आपण तो चिखलात टाकावा, तसं झालं.

शुक्रवारी बुधूच्या राहिलेल्या तुकड्यात सगळे जमले तेव्हा तिनं सांगून टाकलं. आदल्या रात्री आईबाबांना सांगितलं होतं. सकुबाई चुलीतली लाकडं सारत राहिली होती आणि कोंडूनं फक्त "जेव" म्हटलं होतं. गोष्ट पोटात ठेवायची, हे हर्षालीला जमणारं नव्हतं. वाकल्या वाकल्याच तिनं सगळं सांगितलं, अगदी त्या 'हं'सकट.

"थांब," भिमीकाकी म्हणाली. "तुझं झालं व्हतं?"

"हो."

"आन तिचं अडलं व्हतं?"

"हो काकी."

"मंग तू काय हातावर हात ठेवून तिचं तोंड बघायचं व्हतं? ही कसली कंपनी म्हणायची."

बाया कंपनीला नावं ठेवायला लागल्या. बुधू म्हणाला, अशांच्या दारात जाऊच नये. हर्षालीला बरंही वाटलं आणि नाहीही. कोंडू तेवढा बांधावर मुठी टाकत होता, तो बोलला.

"त्यांच्या खाचरात त्यांचा रिवाज. आपण पाव्हनं म्हणून गेलो तर चुलीचं तोंड कुणीकडं ते आधी बघावं. चूक पोरीचीच." पुढची मूठ टाकून तो म्हणाला, "पण लाज वाटायसारखी नाय."

हर्षालीनं खाली मान घालून तीन मुठी लावल्या. तिला दिसत नव्हतं काही. आपल्या बापाला एवढं बोलता येतं हे तिला ठाऊकच नव्हतं. त्या एका बोलण्यावर ती पुढचे सहा महिने जगली असं म्हटलं तरी चालेल.

"काकी, तुमचा दिवस वाया गेला," ती हळूच म्हणाली.

"माझा दिवस कुठं जातोय? तो तुझ्याकडं हाय," भिमीकाकी म्हणाली आणि पुढं सरकली.

आवणी संपली, गणपती झाले, भात कापून खळ्यावर आलं. हर्षाली मुरबाडला एका क्लासमधे पोरांना टायपिंग शिकवायला जायला लागली. गावात कुणी कुणी म्हणायचं, एवढं शिकून शेवटी हेच. थंडीत एकदा भगीरथानं पायरीवरून हाक मारली. फोनवर पिवळ्या ओढणीची मुलगी होती. अनिता तिचं नाव, शहापूरची निघाली, बापाचं बाजारात भांड्यांचं दुकान. तिचं कॉलेजही असंच कुणी न ऐकलेलं. ती त्या दिवशी पास झाली होती.

"तुझ्या अर्जावर काजलचा नंबर होता, तिला शोधत शोधत तुझ्यापर्यंत आलेय," अनिता म्हणाली. "तू लिहिलेलं त्यांनी पुसलं. पण कुठं चुकतंय ते मला दिसलं होतं ना. मग मी माझं मी लिहिलं. ऐक, जानेवारीत पुन्हा भरती आहे. आतल्या माणसाला एक नाव सुचवता येतं. मी तुझं दिलंय."

"अगं, मला हाकललेली."

"सहा महिने संपतायत. बघून घेतलंय मी. आणि या वेळी गप बस, माझे आई."

जानेवारीत हर्षाली गेली. या वेळी बूट स्वतःचे होते आणि पाय बरे. प्रोग्रॅम लवकर झाला. उजव्या हाताला एक मुलगा अडला होता, केसांत बोटं खुपसून बसलेला. हर्षालीनं दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांवर बसून राहिली. कोंडूच्या घरात जन्मलेल्या माणसाला त्याहून अवघड काम देवानं दिलं नसेल. आवणीला जेवढी कंबर दुखली नव्हती तेवढी त्या बसण्यानं दुखली.

मुलाखतीला समोर तोच निळ्या फितीचा साहेब. त्यानं तिला ओळखलं. "त्या दिवशी तू असं का केलंस, ते मला अजून कळलेलं नाही," तो म्हणाला. तिनं सांगितलं. आवणी, पात, मागून येऊन लागणारी पाठ, सगळं. साहेबानं ऐकून घेतलं, चेहरा काही बदलला नाही. "बरं," तो म्हणाला, "आता याद्या जोडायचा प्रोग्रॅम फळ्यावर लिहून दाखव." तिनं दाखवला. आणखी विचारलं, तेही आलं. एक आलं नाही, तर तिनं येत नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी बाहेर नावं वाचली त्यात तिचं नाव होतं, आणि वाचणाऱ्यानं कॉलेजाचं नाव चुकीचं वाचलं. तिनं दुरुस्त केलं नाही. त्या घडीला कुणी तिला काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

घरी सकुबाईनं तिला धरून ठेवलं ते सोडेचना. कोंडू उगाच गोठ्यात जाऊन बैलापुढं पेंढा टाकत बसला. भगीरथानं दुकानातले पेढे फुकट वाटले, गावाच्या इतिहासात प्रथमच. आणि भिमीकाकीनं तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली. "जा आता," म्हणाली. "पण ध्यानात ठेव."

पुढच्या आषाढात हर्षाली दोन दिवसांची रजा टाकून आली. टीममधल्या पोरांना वाटलं घरी कुणाचं लग्न आहे. सकुबाई म्हणाली, "अगो, तिला एखादं लुगडं घे. चिखलात कशाला उतरतेस आता?" पण कोंडूनं लेकीचं जुनं इरलं आढ्यावरून काढून झटकून ठेवलं होतं.

भिमीकाकीच्या खाचरात बाया ओळीनं वाकल्या. हर्षालीनं आपली पात धरली. सहा महिने खुर्चीत बसलेलं अंग, पहिल्या घटकेतच मांड्या भरून आल्या.

"काय गो," शेजारच्या पातीतून भिमीकाकी म्हणाली, "तुमच्या त्या कंपनीत अजून बसूनच ऱ्हातात का, आपलं झालं की?"

"नाय काकी. ते परीक्षेपुरतं. कामाला लागल्यावर साहेबच येऊन सांगतो, तुझं झालं ना, मग त्याचं घे."

भिमीकाकीचा हात थांबला. "मंग परीक्षा उलटी कशाला घेतात?"

"ते मलापण नाय कळलं."

सगळ्या हसल्या. हळूहळू बोलणं मावळलं, नुसता पाण्यातून हात निघाल्याचा आवाज. एकेक जण बांधाला टेकली. हर्षाली अजून मधेच. हात भराभर चालवायचा म्हटलं तर रोप तिरकं जायचं, पुन्हा काढून लावायचं. आज फेडायचा दिवस होता, आजतरी पुरी पात आपण ओढायची, असं तिनं एसटीत बसल्यापासून ठरवलं होतं. घाम आणि पाऊस मिळून डोळ्यांत जात होता.

आणि तिच्या पाठीला पाठ लागली.

"काकी," हर्षाली वळली. "आज नको ना. आजचा दिवस तुमचा हाय, मी फेडायला आलेय. तुमी बसा बांधावर."

भिमीकाकीनं मान वर केली नाही. उरलेल्या मुठीतली अर्धी रोपं हर्षालीच्या हातात दिली आणि अर्धी आपल्या हातात ठेवून ती पुन्हा वाकली.

"माझं झालं व्हतं," ती म्हणाली.